शिकवण्या घ्याव्यात की नाही?

चि. मैत्रेयी,


तुझं पत्र पोचलं. एकाच आठवड्यात दोन बोलावणी आली म्हणतेस. एक ‘मानापमान’मधल्या भामिनीच्या कामाचं आणि दुसरं संगीत विद्यालयात आठवड्यातून तीन दिवस शिकवण्याचं. पहिल्याला तू लगेच होकार दिलास, ते उत्तम केलंस. दुसऱ्यापाशी मात्र अडलीस. शिकवायला बसलं की लोक म्हणतील, हिचं रंगभूमीवर जमलं नाही म्हणून ही शिकवण्या घेते. शिवाय आवाज वर्गातच खर्ची पडेल आणि प्रयोगाला उरणार नाही, अशा तुझ्या दोन शंका. पहिली निराधार आहे. दुसरी खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहेत.

पहिली आधी घेऊ. मराठी संगीत रंगभूमीचा पायाच शिक्षकांनी घातला. 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा गाणं होतं ते सूत्रधाराकडे. पात्रं स्वतः गाऊ लागली ती अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त, 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात. त्या दिवसापासून नटाला गाता येणं भाग पडलं, आणि नटाला गायला शिकवणारा माणूसही नाटक मंडळीत हवाच झाला. खुद्द अण्णासाहेबांनी बेळगावच्या शाळेत शिक्षकी केली होती. गोविंद बल्लाळ देवल हे तिथले त्यांचे विद्यार्थी. पुढे देवलांनीही शिक्षकी केली, ‘शारदा’ लिहिलं आणि किर्लोस्कर मंडळीत तालीम मास्तर म्हणून नाव कमावलं. बालगंधर्वांच्या अभिनयाला वळण लागलं ते देवलांच्या तालमीत. लेखक, नट आणि मास्तर ही तीन कामं त्या काळी एकाच घरात नांदत होती. कोणी कोणाला कमी लेखत नव्हतं.

आता भास्करबुवा बखल्यांचं उदाहरण बघ. त्यांचा जन्म 1869 चा, बडोदे संस्थानातल्या कठोरचा. पोरवयातच ते किर्लोस्कर मंडळीत आले. ‘रामराज्यवियोग’मधली त्यांची कैकेयी गाजली. बंदे अली खाँसारख्या बीनकाराच्या कानावर त्यांचं गाणं गेलं आणि खाँसाहेबांनी त्यांना आपणहून शिकवायला घेतलं. पण वयात येताना आवाज फुटला. ज्या गळ्यावर कालपर्यंत टाळ्या पडत होत्या, तो मंडळीला नकोसा झाला. एखादा मुलगा तिथेच संपला असता. भास्करबुवा बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांच्या दारात जाऊन बसले. ग्वाल्हेरची तालीम तिथे पक्की झाली. त्यानंतर आग्रा घराण्याच्या नत्थन खाँसाहेबांकडे शिकले, आणि स्वतःचं नाव झाल्यावरही जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांपुढे शिष्य म्हणून बसले.

इतकी विद्या मिळाल्यावर त्यांनी काय केलं? मैफली केल्याच, पण 1911 साली पुण्यात भारत गायन समाज काढला आणि मुलांना शिकवायला घेतलं. ज्या नाटकाने त्यांना बाजूला सारलं होतं, त्याच नाटकाकडे ते गुरू म्हणून परतले. ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे त्यांचेच शिष्य, म्हणजे तू सध्या जी पदं बसवते आहेस त्यांच्या मागेही बुवांची तालीम आहे. 1916 च्या ‘स्वयंवर’ला तर चाली बुवांनीच दिल्या. यमन, भीमपलास अशा रागांतल्या बंदिशी नाटककार खाडिलकरांच्या पदांत आल्या आणि बालगंधर्वांच्या रुक्मिणीने त्या घरोघर पोचवल्या.

इथे जरा थांब, कारण शिकवणं म्हणजे काय ते या एका नाटकात दिसतं. मैफलीत ख्याल तासभर चालतो. नाटकात पुढचा प्रवेश वाट बघत असतो, समोरच्याला शब्द कळावे लागतात आणि रुक्मिणी गाते आहे हे गाण्यातून सुटता कामा नये. तेव्हा बंदिशीतलं काय ठेवायचं, काय गाळायचं, कुठल्या शब्दावर जागा घ्यायची आणि कुठला शब्द साधाच म्हणायचा, हे ठरवणारा डोळस गुरू लागतो. आपल्याला येतं ते सगळं शिष्याच्या गळ्यात कोंबणारा नव्हे, तर या गळ्याला आणि या प्रसंगाला काय शोभेल ते निवडणारा. ही निवड करण्याची सवय शिकवण्यातून लागते आणि प्रयोगात ती रोज उपयोगी पडते.

बुवांच्या शिष्यांपैकी मास्टर कृष्णरावांकडे बघ. आळंदीचे फुलंब्रीकर, जन्म 1898 चा. लहानपणीच रंगमंचावर उभे राहिले, मग बुवांचे गंडाबंध शिष्य झाले, गंधर्व नाटक मंडळीत नट आणि संगीतकार म्हणून वावरले. 1922 मध्ये बुवा गेल्यावर भारत गायन समाजाची धुरा त्यांनी वाहिली. प्रभातच्या ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांना संगीत दिलं, 1942 च्या ‘कुलवधू’त ज्योत्स्ना भोळ्यांसाठी चाली बांधल्या. एवढ्या धबडग्यात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘रागसंग्रह’चे सात भाग सिद्ध केले. नट, संगीतकार, मैफलीचे गवई आणि शिक्षक अशा चारही भूमिका त्यांनी एकाच आयुष्यात निभावल्या, आणि 1971 साली पद्मभूषण मिळालं तेव्हा या सगळ्याचा मिळून तो गौरव होता.

‘माणूस’मध्ये चहावाल्या पोराचं काम करणारा मुलगा तुला आठवत असेल. ते राम मराठे. मास्टर कृष्णरावांकडे शिकले, पुढे मिराशीबुवा, जगन्नाथबुवा पुरोहित अशा थोरांची तालीम घेतली. 1963 च्या ‘मंदारमाला’ने त्यांना घराघरांत नेलं. त्याच रामभाऊंनी शिष्य तयार केले आणि त्यांत उल्हास कशाळकर होते. आज कशाळकर देशातल्या अग्रगण्य ख्यालगायकांत गणले जातात आणि कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून त्यांनी पुढची पिढी घडवली आहे. किर्लोस्कर मंडळीतल्या एका पोरापासून कोलकात्यापर्यंत विद्या पोचली, आणि मधल्या प्रत्येकाने मुलांना समोर बसवून शिकवलं म्हणूनच पोचली.

कोल्हापूरकडची परंपराही अशीच आहे. केशवराव भोसले लहान वयात ‘शारदा’ करून गाजले. 1 जानेवारी 1908 रोजी हुबळीला त्यांनी ललितकलादर्श ही नाटक मंडळी स्थापन केली, तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. स्वतः एवढे नावाजलेले असूनही त्यांनी रामकृष्णबुवा वझ्यांना गुरू केलं. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर, असा तो योग. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं 31. मंडळी तिथेच बुडायची. ती तरली, कारण बापूराव पेंढारकर तयार होते. बापूरावांनाही वझेबुवांची तालीम होती आणि बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र यांनाही. भालचंद्र पेंढारकरांनी ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणि ‘पंडितराज जगन्नाथ’ गाजवली. शिवाय पुढच्यांना ऐकायला मिळावं म्हणून नाटकांचे प्रयोग ध्वनिमुद्रित करून ठेवले. मालक गेला तरी नाटक मंडळी जगली, ती विद्या एकाच गळ्यात कोंडलेली नव्हती म्हणून.

विद्या कोंडली की काय होतं, हे सांगणारं नाटकही आपल्याकडे आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’, 1967 चं. त्यातला सदाशिव गाणं शिकायला येतो आणि खाँसाहेबांच्या घराण्याचा हट्ट त्याच्या आड येतो. जितेंद्र अभिषेकींच्या चाली आणि वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब, यांनी ते नाटक अजरामर केलं. वसंतरावांची वाट मुद्दाम ध्यानात घे. मूर्तिजापूरचा हा मुलगा 1935 च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात कृष्ण झाला. नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे शिकला, पुढे लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे. त्यानंतर कितीतरी वर्षं पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकुनी केली. खाँसाहेबाची भूमिका मिळाली तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. कचेरीच्या फायलींनी त्यांचं गाणं मारलं नाही. तुला तर कारकुनी नव्हे, गाणंच शिकवायला बोलावलं आहे.

अभिषेकीबुवांचंही तसंच. गोव्यातल्या मंगेशीचे. 1964 च्या ‘मत्स्यगंधा’पासून त्यांनी नाट्यसंगीताला नवं रूप दिलं. रामदास कामतांचा गळा वेगळा, आशालता वाबगावकरांचा वेगळा, वसंतरावांचा तर आणखीच वेगळा. प्रत्येकाला पेलेल आणि खुलवेल अशी चाल त्यांनी दिली. समोरच्याचा गळा असा वाचता येणं हे शिकवणाऱ्याचंच काम आहे. मैफली आणि नाटकं सांभाळून त्यांनी घरात शिष्य ठेवून घेतले, त्यांना राहायला जागा दिली, जेवू घातलं आणि शिकवलं. आज महाराष्ट्रात आणि गोव्यात नाट्यपद गाणाऱ्या कुणालाही विचार. त्याचा गुरू किंवा गुरूचा गुरू अभिषेकीबुवांपर्यंत पोचण्याची शक्यता बरीच आहे. त्यांचे शिष्य महेश काळे ‘कट्यार’च्या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेले, आणि ते अमेरिकेत मुलांना शिकवतात.

बायकांचा विषय वेगळा काढायला हवा, कारण तुझ्या वाटेवर आधी चाललेल्या त्याच आहेत. जयमाला शिलेदार मूळच्या इंदूरच्या. बोलपट आल्यापासून नाटक मंडळ्या एकेक करून बंद पडत होत्या. अशा काळात, 1949 साली जयराम शिलेदारांबरोबर त्यांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था उभी केली. रोजच्या प्रयोगांची दगदग, गावोगावचे प्रवास, पदरी दोन मुली. त्या मुलींना घरातच तालीम मिळाली. कीर्ती शिलेदार लहानपणापासून रंगमंचावर वावरल्या आणि बालगंधर्वांची गायकी त्यांनी शेवटपर्यंत, 2022 पर्यंत सांभाळली. 2018 च्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. आईने मुलीला शिकवलं नसतं, तर एका पिढीचं संगीत नाटक बहुधा ध्वनिमुद्रिकांतच उरलं असतं.

ध्वनिमुद्रिकांचा विषय निघाला तर एक सांगून ठेवतो. वर्गात येणारी मुलं मोबाईलवर जुनी पदं ऐकून येतील आणि ती तशीच गातील. ती मुद्रिका तीन मिनिटांची का असते, हे त्यांना सांग. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं, म्हणून गायकाने पद आटोपतं घेतलं. रंगमंचावर तेच पद कितीतरी वेळ रंगायचं, वन्स मोअर मिळाला की पुन्हा नव्या जागा यायच्या. तेव्हा मुद्रिका ऐकावी, शंभरदा ऐकावी, पण तिची नक्कल म्हणजे नाट्यपद नव्हे. हे एकदा मुलांना समजावलंस, की तुझ्या भामिनीतही पाठांतराच्या पलीकडचं काही येऊ लागेल.

आता आवाजाची तुझी शंका. ती रास्त आहे. गायक नटाचा गळा वर्गात बसतो तो बहुतेक पट्टीमुळे. शिक्षिकेची पट्टी काळी चार असेल आणि समोर काळी एकमध्ये गाणारा मुलगा असेल, तर प्रत्येक ओळ त्याच्या पट्टीत गाऊन दाखवताना तिचा खर्ज घासतो. लहान मुली असल्या तर वर ओढाताण होते. तीन तास असे गेले की संध्याकाळी आवाज जड होतो. म्हणून शिक्षिकेने ओळ एकदाच, आपल्या पट्टीत, नीट गाऊन दाखवावी. मग पेटीवर ती विद्यार्थ्याच्या पट्टीत वाजवावी आणि त्यालाच गाऊ द्यावं. चूक झाली तर थांबवावं, कुठे चुकली ते त्यालाच विचारावं. वर्गात पोरांबरोबर सतत गात राहणं हा शिकवण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत नुकसानीचा मार्ग. पोरं आधारावर गातात, आणि आधार काढला की सूर सुटतो.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी आणि प्रयोगाच्या दिवशी वर्ग नको, हे विद्यालयाला आधीच लेखी कळव. सकाळचा स्वतःचा रियाझ, खर्जाचा आणि आकाराचा, वर्गापूर्वीच उरकून घे. वर्गानंतर तो होत नाही. फी घ्यायला संकोचू नकोस. विद्येचा मान राखला जातो आणि पालकही नेमाने पाठवतात.

नाट्यपद शिकवताना एक क्रम धर. आधी पद बाजूला ठेवून त्याच्या मागचा संवाद मुलाला म्हणायला लाव. मग पदाचे शब्द गद्यासारखे, अर्थ धरून वाचून घे. मग चाल, मग ताल. जागा आणि ताना सर्वांत शेवटी. एवढं झालं की त्याला उभं कर, चार पावलं चालत गायला लाव, समोर दुसरं पात्र आहे असं समजून. बसून विशारद झालेली मुलं उभी राहिली की श्वास कमी पडतो आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. परीक्षेच्या अभ्यासक्रमात हे कोणी शिकवत नाही. तू शिकवू शकतेस.

आणि गद्यातून पदात शिरण्याची जागा, ती तर घोटूनच घे. संवादाचं शेवटचं वाक्य चालू असतानाच ऑर्गनचा सूर खाली सुरू होतो. नट बोलतो आहे, चेहरा प्रसंगात आहे, पण कान षड्जाकडे लागलेला असतो. वाक्य संपतं आणि पहिला स्वर नेमका लागायला हवा, चाचपडून नव्हे. मुलांकडून हे पंचवीसदा करून घेताना तुझ्या लक्षात येईल, की वाक्याचा शेवटचा शब्द आपण जरा वर उचलला, तर सूर सापडणं सोपं जातं. खाली टाकला तर अवघड. असं बारीकसारीक ज्ञान स्वतः गाताना कळत नाही. दुसऱ्याची अडचण सोडवताना कळतं. शिकवल्याने गायक नट पक्का होतो तो असा.

एक धोका मात्र टाळ. शिकवायला लागलं की शिकणं सुटतं. चार मुलं ‘ताई’ म्हणायला लागली की गुरूंकडे जायला उशीर होतो, मग आठवडा चुकतो, मग महिना. भास्करबुवा स्वतः नावाजलेले गवई असताना अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकत होते आणि त्याच काळात शिष्यही तयार करत होते. तुझ्या गुरूंकडचा दिवस विद्यालयाच्या वेळापत्रकाच्या आधी ठरव. तो बदलू नकोस.

राहिला प्रश्न पोटापाण्याचा. आज संगीत नाटकाचे प्रयोग मोजके होतात. राज्य नाट्य स्पर्धेचा संगीत विभाग, कला अकादमीच्या स्पर्धा, गोव्यातल्या देवळांच्या जत्रांमधली हौशी नाटकं आणि काही निष्ठावान संस्था, एवढ्यावर घर चालत नाही. प्रत्येक गायक नटाला दुसरं काही धरावंच लागतं. मालिका धरता येतील, नोकरी धरता येईल. पण जे काम करताना तंबोरा कानाशीच राहतो, असं काम शिकवण्याशिवाय दुसरं नाही. आणि संगीत नाटकाला सध्या नटांइतकीच जाणत्या श्रोत्यांची गरज आहे. तुझ्या वर्गातली वीसपैकी अठरा मुलं कधी रंगमंचावर उभी राहणार नाहीत. पण ती तिकीट काढून समोर बसतील आणि कुठे दाद द्यायची ते त्यांना ठाऊक असेल. हेही कमी काम नाही.

तेव्हा विद्यालयाला होकार कळव. तीन दिवसांऐवजी दोन माग. ‘मानापमान’च्या तालमी रंगात आल्या की तिसरा दिवस झेपणार नाही. पहिल्या महिन्यात फार मुलं घेऊ नकोस, आठ-दहा पुरेत. त्यांत एखादं तरी असं घे, ज्याला नाटकात काम करायचं आहे. आणि भामिनीचा पहिला प्रयोग ठरला की तारीख कळव, घरचे सगळे येऊ.

तुझा,
मामा